आर्व्होनं मोजलेल्या खिडक्या

पडदा वर जातो. तळघर. डावीकडे वाचनालयाचा जुना बॉयलर, दम्याच्या माणसासारखा धापा टाकणारा. उजवीकडे जिना, त्याच्या पायथ्याशी रबरी चटई आणि चटईवर वितळत बसलेले बुटांचे जोड. मधोमध घडीची तीन टेबलं. भिंतीवर हातानं लिहिलेला कागद : ‘स्वयंसेवकांना पैसे, वस्तू, खाऊ काहीही देऊ नये. कॉफीसुद्धा नाही.’ वर छताजवळ एकच अरुंद खिडकी, आणि तिच्यातून दिसतं ते आकाश नव्हे, बर्फ.

फेब्रुवारीचा पहिला मंगळवार. दहाला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर जड पावलं वाजतात आणि आर्व्हो निस्काला प्रवेश करतो. कानझाकी टोपी, तपकिरी डांगरी, काखेत जाडजूड नियमपुस्तक. टाळ्या नाहीत. त्या पडायला हव्या होत्या, म्हणून आज इतक्या उशिरा मी वाजवतो आहे.

आर्व्होनं एकोणतीस वर्षं आमच्या पेल्टो बे गावातला बर्फ हटवला. मिशिगनच्या या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठावर, नोव्हेंबरात पडलेला बर्फ मेपर्यंत हलत नाही. पहाटे चारला त्याची नांगर लावलेली पिवळी गाडी निघाली की गाव कूस बदलून पुन्हा झोपायचं. निवृत्त झाल्यावर लोक फ्लोरिडाला जातात. आर्व्हो तळघरात गेला. दर हिवाळ्यात सरकारी परीक्षा द्यायची, पास व्हायचं आणि पंधरा एप्रिलपर्यंत गावातल्या गरीब-म्हाताऱ्यांचे आयकराचे रिटर्न फुकट भरून द्यायचे, हा त्याचा उद्योग. शाळा त्यानं दहावीतच सोडली होती. परीक्षेत मात्र त्याचे गुण कधी नव्वदच्या खाली आले नाहीत, आणि हे तो कुणाला सांगत नसे. मला त्याच्या बायकोनं सांगितलं.

मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो तो गिऱ्हाईक म्हणून. बेचाळीस वर्षं फिरत्या कंपन्यांतून नाटकं केली, राजे झालो, खुनी झालो, दोनदा घोड्याचा मागचा भागही झालो. पण एक पावती नीट लावून ठेवली नाही. कागदांनी भरलेली पिशवी मी त्याच्यासमोर उपडी केली. त्यानं ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वाचता येतं?”

“अहो, वाचण्यावरच आयुष्य काढलं!”

“मग वाचा. माझे डोळे गेलेत. बर्फाकडे बघून बघून.”

मी एकेक आकडा वाचत गेलो, तो दोन बोटांनी टाइप करत गेला. मध्येच म्हणाला, “हळू. हे थिएटर नाही. वरच्या मजल्यावर पोरं गोष्टी ऐकतायत.” पुढच्या मंगळवारी मी पुन्हा गेलो. पिशवी नव्हती, नुसताच गेलो. त्यानं एक खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली. अशी मला आयुष्यातली शेवटची भूमिका मिळाली. आर्व्होचे डोळे. सात हिवाळे मी ती केली आणि दुसऱ्या कुठल्याही भूमिकेत इतका सुखी नव्हतो.

त्याची एक सवय सांगितली पाहिजे. टेबलाच्या बाहेर तो साऱ्या गावाला नावानं, अरेतुरेनं बोलवायचा. टेबलाशी बसला की सगळे आडनावानं आणि अहोजाहोनं. सख्ख्या भावालासुद्धा. “मिस्टर निस्काला, तुमचं गेल्या वर्षीचं उत्पन्न?” भाऊ म्हणायचा, “मेल्या, तुला ठाऊक आहे की.” आर्व्हो थांबून राहायचा. शेवटी भाऊ आकडा सांगायचा.

आमच्या सातव्या हिवाळ्यातल्या त्या फेब्रुवारीत लेम्पी हापाला जिना उतरून आली, एकेक पायरी, कठड्याला धरून. वय एकोणऐंशी. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिनं अख्ख्या गावाला जेवू घातलं होतं. आर्व्होला आणि त्याच्या मुलांनाही. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला निसू, म्हणजे आमच्याकडचा वेलचीचा गोड पाव. त्या वासानं बॉयलरसुद्धा क्षणभर गप्प झाला असावा.

“मिसेस हापाला, पाव बाहेर,” आर्व्हो म्हणाला.

“तुझ्यासाठी आणलाय असं कोण म्हणालं? या नाटकवाल्यासाठी आहे.”

“तेही स्वयंसेवक आहेत.”

“मग टेबलासाठी आहे. टेबलानं परीक्षा दिलीये का?”

पाव टेबलाच्या कोपऱ्यावर राहिला. कुणी हात लावला नाही. मी फक्त श्वास घेत राहिलो.

मग मी पाकिटातले कागद वाचायला लागलो आणि तिसऱ्या कागदाला आर्व्होची बोटं थांबली. लेम्पीनं नवऱ्याच्या, व्हेनोच्या, निवृत्ती निधीतून एकदम मोठी रक्कम काढली होती. व्हेनो जाऊन चार वर्षं झाली, तोवर तिनं त्या पैशाला हात लावला नव्हता.

“काढताना कर कापायला सांगितलात?”

“कसला कर? पैसे व्हेनोचे. मी काढले. कापायचं काय त्यात?”

आर्व्होनं टोपी काढून टेबलावर ठेवली. हे लक्षण चांगलं नसे. दोन बोटं बराच वेळ चालली. मग त्यानं संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं आणि मी आकडा वाचला, नेहमीपेक्षा हळू. नऊशे पंचावन्न डॉलर. भरायचे.

 लेम्पीनं हातमोजे मांडीवर ठेवून एकावर एक नीट जुळवले. मग म्हणाली, “मग मला मार्लीसला फोन करावा लागेल.”

मार्लीस म्हणजे तिची मुलगी, ॲरिझोनात राहणारी. आदल्या उन्हाळ्यात मायलेकींचा करार झाला होता, तो साऱ्या गावाला माहीत होता. मार्लीसचं म्हणणं, हे घर थंडीत तुझा जीव घेईल. विक आणि माझ्याकडे ये. लेम्पीचं म्हणणं, घर मी उबदार करून घेते, माझ्या पैशानं. शेवटी ठरलं ते असं : लेम्पीनं हिवाळा स्वतःच्या बळावर काढायचा. एकदा जरी मुलीकडे पैसे मागितले, तरी वसंतात घर विकायचं. लेम्पीनं हात पुढे करून ते कबूल केलं होतं, आणि ती शब्द फिरवणाऱ्यातली नव्हती. सगळे पैसे खिडक्यांत, दारात आणि ऊब धरून ठेवायला माळ्यावर अंथरायच्या लोकरीत गेले होते. बँकेत उरलं होतं ते मेपर्यंतच्या गॅसपुरतं.

“फोन थांबवा,” आर्व्हो म्हणाला. “पैसे घरावर लावलेत ना? थंडी अडवायला? त्याला सवलत आहे. करातून थेट वजा होते. खर्चाचे तीस टक्के, पण मर्यादेत. खिडक्यांना सहाशेपर्यंत, दाराला अडीचशेपर्यंत. लोकरीचं वेगळं.”

“सरकार मला पैसे देणार?” लेम्पीनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो तिला लॉटरीचं तिकीट विकत होता.

“देणार नाही. तुमच्याकडून घेणार होतं, ते कमी घेईल. बिल वाचा हो.”

ते मला होतं. मी वाचलं : खिडक्या, सहा नग. बाहेरचं दार, एक. लोकर, अकरा गठ्ठे.

“सहा?” आर्व्होनं डोळे मिटले. “सरोवराच्या बाजूला तुमच्या घराला पाच खिडक्या आहेत. मागच्या बाजूला चार, त्या जुन्याच आहेत. काल येताना पाहिल्या. सहावी कुठे?”

एकोणतीस वर्षं पहाटेच्या अंधारात ज्या घरासमोरून नांगर नेला, त्या घराच्या खिडक्या माणसाला पाठ होतात, हे मला त्या दिवशी कळलं. कुठल्या खिडकीत दिवा लागला नाही तर गाडी थांबवून दार ठोठवायचं, हेही त्याच्या कामात होतं. पगारात नव्हतं.

“सहावी सौनाला,” लेम्पी म्हणाली. सौना म्हणजे अंगणातलं, घरापासून वेगळं बांधलेलं वाफेचं न्हाणीघर. “आणि अर्धी लोकर पण. सुताराला म्हटलं, आधी सौना कर, मग घर.”

“सौना वेगळी इमारत आहे. राहतं घर नाही. धरता येणार नाही.”

आता खुर्ची करकरली. लेम्पी उभी राहिली होती.

“आर्व्हो निस्काला! माझ्या आजोबांनी या मातीत पहिलं काय बांधलं? सौना. घर बांधून होईपर्यंत दोन हिवाळे सगळे त्यात राहिले. मी जन्मले कुठे? सौनात. व्हेनोला शेवटची आंघोळ कुठे घातली? तिथेच. आणि तू मला सांगतोस ते घर नाही? तुझी आजी ऐकत असती तर तुला झाडूनं बडवलं असतं!”

“बडवलं असतं,” आर्व्होनं मान्य केलं. “तरी धरता येणार नाही, मिसेस हापाला.”

“बिलावर लिहिलंय का कुठली खिडकी कुठे? कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय.”

ती बसली. आर्व्होनं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. पाणी चालत होतं. मग अगदी मवाळ आवाजात त्यानं पुढचा प्रश्न विचारला, आणि खरा घोटाळा तिथे निघाला. सवलत मिळते ती ठरावीक दर्जाच्या खिडक्यांना. कोणत्या कंपनीची, कोणत्या जातीची, हे नवीन काचेवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतं. सोबत प्रमाणपत्राचा कागदही येतो.

“ते स्टिकर होय? किती घाणेरडे दिसत होते! गरम पाणी आणि सोडा लावून घासून काढले मी. दोन दिवस गेले.”

“आणि ठेवलेत कुठे?”

लेम्पी आमच्याकडे बघत राहिली. फिनलंडहून आलेल्यांच्या घरात कागद कुठे जातो, हे पेल्टो बेमध्ये कुणी विचारत नाही. पत्रं, खोकी, साबणाची वेष्टनं, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. आणि पेटी सौनाच्या चुलीजवळ, शनिवारी जाळ पेटवायला.

“शनिवारी,” ती पुटपुटली. “जाळ छान पेटला होता.”

मला हसू आलं. आर्व्होनं अशा नजरेनं पाहिलं की मी ते खोकल्यात बुडवलं. खिडक्या विकणारं दुकान नाताळात बंद पडलं होतं. सुतार हिवाळ्यापुरता दक्षिणेत, आणि फोन न उचलण्याबद्दल प्रसिद्ध. खिडक्या गेल्या की सहाशे गेले. सहाशे गेले की फोन.

“अंदाजानं घाल की रे,” लेम्पी म्हणाली. आवाज खाली आला होता. “चांगल्याच आहेत त्या. वारा येत नाही.”

“अंदाजानं मी बर्फसुद्धा हटवला नाही. शनिवारी सकाळी घरी असणार का?”

शनिवारी आम्ही दोघं निघालो. टेबल मागे राहिलं होतं, त्यामुळे दार उघडताच तो म्हणाला, “लेम्पी, बाजूला हो, बूट काढू दे.” मग बॅटरी काढून पहिल्या खिडकीशी गुडघ्यावर बसला. दोन काचांच्या मधल्या पट्टीवर, कोपऱ्यात, कंपनी आणि जात सांगणारी मुंगीएवढी अक्षरं कोरलेली असतात. घासून जात नाहीत, जळत नाहीत. हे त्याला पुस्तकातून कळलं होतं की आदल्या रात्री आपल्याच घरची खिडकी धुंडाळून, ते मी विचारलं नाही.

“वाच रे.”

मी वाचलं. तेरा अक्षरं. त्यानं वहीत लिहिली. त्याच तेरा अक्षरांचं मी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खिडकीशी पुन्हा सादरीकरण केलं.

“सगळ्या सारख्याच आहेत, आर्व्हो. गुडघे गेले माझे.”

“पाचवी राहिली.”

“ती व्हेनोच्या खोलीत आहे,” लेम्पी दारातून म्हणाली. “हिवाळ्यात मी उघडत नाही ती. बर्फाचं घर होतं तिचं. उगाच इकडची ऊब तिकडे जाते. ऑक्टोबरात सुतार गेला तशी बंद आहे.”

“पाचवी बघायलाच लागेल.”

तिनं किल्ली आणली. दाराच्या खाली घोंगडीची गुंडाळी सारून ठेवली होती, ती पायानं बाजूला केली. अंगावरचा स्वेटर गळ्यापर्यंत ओढून घेतला आणि दार ढकललं.

खोली उबदार होती.

भट्टीसारखी नव्हे. पण श्वासाची वाफ दिसत नव्हती. काचेवर आतून बर्फाचं जाळं नव्हतं. पलंगाखाली व्हेनोचे लाकूडतोडीचे बूट, खुंटीवर त्याचा चौकटीचा कोट, आणि पाचव्या खिडकीतून सरोवरावरचं ऊन थेट पलंगावर. लेम्पीनं भिंतीला तळहात लावला. मग कोटाला. मग तशीच पलंगाच्या कडेवर बसली आणि स्वेटरचा गळा सोडला.

रंगभूमीवर अशा जागी नटानं काय करायचं ते मला माहीत आहे : काही नाही. आर्व्होलाही माहीत होतं. तो खिडकीशी बसून बॅटरी धरून राहिला, उजेड भरपूर असताना. बऱ्याच वेळानं लेम्पीच म्हणाली, “बघताय काय? वाचा की.”

मी वाचलं. तीच तेरा अक्षरं होती. आयुष्यात एवढ्या चांगल्या ओळी मला क्वचित मिळाल्या.

मंगळवारी वाचनालयाच्या संगणकावर आर्व्होनं ती अक्षरं घालून कंपनीचं प्रमाणपत्र शोधलं. सापडेपर्यंत दुपार झाली. खिडक्या बसत होत्या त्या दर्जात. त्यानं कागद छापून घेतला, दहा सेंट स्वतःच्या खिशातून बरणीत टाकले. मग बिलातली सहावी खिडकी खोडली, अर्धी लोकर खोडली. सहावी धरली असती तरी फरक पडला नसता, खिडक्यांची मर्यादा पाचांतच संपत होती. मी ते म्हटलंही.

“फरक पडत नाही म्हणूनच खोडायला सोपं जातं,” तो म्हणाला.

खिडक्यांचे सहाशे, दाराचे अडीचशे, घराच्या लोकरीचे एकशे वीस. नऊशे सत्तर. कर नऊशे पंचावन्न. भरायचे : शून्य.

मी ते शून्य वाचलं. हळू वाचायचं विसरलो. वरच्या मजल्यावर पोरांची गोष्ट थांबली म्हणे.

“पंधरा उरतात की,” लेम्पीनं बोटांवर हिशेब केला होता. “ते मला?”

“नाही. कर संपला की सवलत संपली. ते गेले.”

“चोर मेले,” लेम्पी म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. आर्व्होनं प्रमाणपत्र पाकिटात घालून पाकीट तिच्या हातात दिलं, आणि लगेच सोडलं नाही.

“हे पेटीत नाही टाकायचं. आणि मागच्या चार खिडक्या पुढच्या वर्षी करा. मर्यादा दरवर्षी नवी मिळते. निधीतून पैसेसुद्धा लागतील तेवढेच काढा, आणि काढताना कर कापायला सांगा.”

त्या संध्याकाळी तिनं मार्लीसला फोन केलाच. काय बोललीस, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, “विचारलं, तुझ्याकडे ऊन आहे का. ती म्हणाली आहे. मी म्हटलं, माझ्याकडे पण आहे. व्हेनोच्या खोलीत.”

लेम्पीला उतराई व्हायचं होतं आणि आर्व्हो होऊ देईना. पाव नाही, मोजे नाहीत, सुकवलेला मासा नाही. शेवटी तिनं विचारलं, “सौनाला ये म्हटलं तर ते बक्षीस होतं का?” आर्व्होनं खरोखर पुस्तक उघडून पाहिलं. सौनाबद्दल त्यात काही नव्हतं. “सोळा एप्रिलला येतो,” तो म्हणाला. “सोळाला मी फक्त आर्व्हो असतो.” आला. बायकोला घेऊन आला. मीही गेलो. नव्या खिडकीतून सरोवरावरचा फुटता बर्फ दिसत होता, आणि तिच्या कोपऱ्यात, आर्व्होच्या सांगण्यावरून मी वाचून पाहिलं, तीच अक्षरं होती. आम्ही चार म्हातारे वाफेत लाल होऊन बसलो होतो. जिला घर म्हणता येत नव्हतं तिच्याइतकी घरासारखी जागा मी पाहिलेली नाही.

त्याच वर्षी नाताळानंतर आर्व्होचं हृदय अडखळलं. जिल्ह्याच्या इस्पितळात मी भेटायला गेलो तेव्हा जानेवारीचे शेवटचे दिवस होते. डांगरीशिवाय तो फार लहान दिसत होता. उशाशी पुस्तक होतं, त्या वर्षीचं नवं.

“परीक्षा दिलीस?” त्यानं विचारलं.

“दिली.”

“किती?”

“एक्क्याऐंशी.”

तो छताकडे बघत राहिला. “पास आहेस,” म्हणाला. “मोठ्यानं वाचू नकोस म्हणजे झालं.”

मला त्याचे आभार मानायचे होते. वाटेत गाडीत मी वाक्यं बसवली होती, चांगली तालीम केली होती. सात हिवाळ्यांचे, त्या खुर्चीचे, गावातल्या त्या सगळ्या दिवे लागलेल्या खिडक्यांचे. त्याला भाषणं आवडत नसत, म्हणून मी त्याचा हात धरला आणि गावची बातमी सांगितली : लेम्पीनं ऑक्टोबरात मागच्या बाजूच्या खिडक्या बसवून घेतल्या.

त्यानं डोळे मिटले. मोजत असावा.

“किती?”

“चार.”

“बरोबर.”  नर्स येऊन गेली. मला वाटलं झोप लागली. मी टोपी उचलली तसा तो एकदम जागा झाला, टेबलाशी बसल्यासारखा, आणि म्हणाला, “मिसेस हापालांना सांगा, स्टिकर जाळू नका म्हणावं.”